खरकटं

१

औरंगाबादेत खोली भाड्यानं मिळवायची असेल तर आधी आपलं आडनाव गिळायला शिकावं लागतं. मला ते जमत नव्हतं. दार उघडणारा माणूस गोड हसायचा, पाणी विचारायचा, आणि आडनाव ऐकलं की त्याच्या रिकाम्या खोलीत लगेच त्याचा भाचा राहायला येणार असायचा. एकानं तर तोंडावर विचारलं, मेंढरंही बरोबर आणणार का. मी एम.ए. झालेलो. दिवसा एका शिकवणीत इतिहास शिकवत होतो आणि संध्याकाळी आमच्या युवक मंडळात जातिमुक्त शहरावर बोलत होतो. त्या शहरात मला पथारी टाकायला जागा नव्हती.

मला एकट्याला कुठंही चाललं असतं. प्रश्न पुतळाचा होता. पुतळा माझी धाकटी बहीण. पिशोरला बारावी झालेली आणि पुढं शिकणारच म्हणून हट्ट धरून बसलेली. वडिलांनी मला निक्षून सांगितलं होतं, की कॉलेज उघडायच्या आत शहरात नीट खोली दाखव, नाहीतर तिचं लग्न उरकतो. स्थळ ठरल्यातच जमा होतं. मुलानं पुतळाला बघितलं नव्हतं. त्याच्या बापानं आमची मेंढरं बघितली होती.

अशा वेळी शहागंजच्या मागच्या एका बोळात बद्रीनाथ अण्णांची खोली मिळाली. दुमजली सिमेंटची इमारत, वर-खाली ओळीनं एकेक खोलीची बिऱ्हाडं, पुढं गॅलरी. एका दारावर उर्दूत नाव, एकावर निळ्या रंगात काढलेलं चक्र, एकावर लाकडी क्रूस, एकावर झेंडूचं वाळलेलं तोरण. माझी छाती भरून आली. मंडळात आम्ही ज्याची भाषणं करत होतो ते इथं नुसतं राहत होतं, कपडे वाळत घालत होतं. अण्णांनी आडनाव विचारलं नाही. भाडंही असं सांगितलं, की पुन्हा विचारलं तर ते भानावर येतील या भीतीनं मी गप्प बसलो.

अट एकच होती. खोलीच्या कोपऱ्यात कट्टा घातलेली मोरी होती. दुपारची जेवणं झाली की सगळी बिऱ्हाडं आपापलं खरकटं त्या मोरीत टाकून जाणार. तेवढा वेळ दार उघडं ठेवायचं.

"वरच्या मोऱ्या तुंबतात," अण्णा म्हणाले. "हिला उतार चांगला हाय."

मी लगेच हो म्हणालो. कुणाच्या हातचं खायचं आणि कुणाचं खरकटं काढायचं नाही, यावरून माणसं तोडणाऱ्या गावात मी वाढलो होतो. इथं सगळ्यांचं खरकटं एका ठिकाणी पडणार होतं, आणि तेही माझ्या घरात. मला तो मानच वाटला.

२

दुपारी ते यायचे. पहिल्यांदा वरच्या मजल्यावरची दगडाबाई, पाठीतून वाकलेली, कमरेला पिशवी. मग शेजारच्या कनीज आपा, पदरानं ताट झाकून. मग फकिरा, हा वाळूजला नव्यानं उभ्या राहिलेल्या कारखान्यात पाळीवर जाणारा, ताट एका हातात आणि दुसऱ्या हातात विडी. चपला बाहेर काढून यायचे. मोरीच्या कट्ट्यावर वाकायचे, ताट उपडं करायचे, निघून जायचे. पाणी कुणी ओतत नसे.

मी त्यांना आग्रहानं बसवायचो. आपा बसायच्या. शिकवणीतली पोरं कशी आहेत, बहीण कधी येणार, असं विचारायच्या. फकिरा मला 'मास्तर' म्हणायचा आणि लग्न जमवून देऊ का म्हणून चिडवायचा. मंडळात मी या मोरीवर एक भाषणही ठोकलं. टाळ्या पडल्या.

मग माझ्या लक्षात आलं, की मोरी स्वच्छ असते.

मी ती कधी घासली नव्हती. तरी जाळीवर भाताचं एक शीत सापडत नव्हतं. मुंगी नाही, माशी नाही, आंबूस वास नाही. हाताला बुळबुळीत लागणारा शेवाळाचा थर तर कुठल्याही मोरीत असतो, तोही नव्हता. जाळीच्या कडेचं सिमेंट गुळगुळीत झालं होतं, चाटलेल्या मिठाच्या खड्यासारखं. उतार चांगला आहे, मी स्वतःला सांगितलं. उतारानं पाणी जातं, डाळीची फोडणी आणि हाडकं जात नाहीत, हेही मला माहीत होतं. पण पहिलं उत्तर सोयीचं होतं.

एके दिवशी दगडाबाईच्या हातातून ताट निसटलं आणि माझ्या फरशीवर सांडलं. मी पुसायला वाकलो.

ते उरलेलं अन्न नव्हतं. भाकरी, वांगं, भात, सगळं चावलेलं होतं. नीट, सावकाश, लाळेत घोळून चावलेलं आणि गिळायच्या ऐवजी ताटात काढून ठेवलेलं. त्याचे छोटे छोटे गोळे होते, जिभेच्या आकाराचे. त्यातून तार सुटत होती. अजून कोमट होते.

३

दगडाबाईनं ते बोटांनी गोळा केलं, एक कणही न ठेवता. मी विचारलं, आजी, हे काय आहे.

तिला प्रश्नच कळला नाही. मग ती म्हणाली, "दात नाईत ना, बाबा. कोरडं गिळवत नाय."

कुणाला दात नाहीत, हे मी विचारलं तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं नाही. मोरीकडं बघितलं. तोंडावर पदर धरला, मोठ्या माणसाचं नाव घ्यायचं नसतं तसा.

मी तडक आपांकडे गेलो. त्यांच्याकडून मला शहाणपणाची अपेक्षा होती, कारण त्या स्वतः जुन्या मॅट्रिक होत्या, घरी वर्तमानपत्र घ्यायच्या. त्या शेगडीपुढून उठल्या नाहीत. "चबाके देना पडता, बेटा," म्हणाल्या. "हमारी सास देती थी, मैं देती. तुम पूछो नक्को. दरवाजा खुल्ला रखो, बस."

फकिरा जास्त मोकळा होता. त्यानं विडी झटकली आणि सांगितलं, की तो आला तेव्हा त्यानंही हेच विचारलं होतं. मग एका पाळीत दमून तो तसाच झोपला, खरकटं दिलं नाही. "मंग काय झालं?" मी म्हणालो. तो म्हणाला, "काय नाय. रडलं."

मी संतापलो होतो. या शहरात या माणसांना एका पंगतीला बसवण्यासाठी आम्ही घसा कोरडा करत होतो. आणि ती आधीच एका पंगतीला बसली होती, तर ती या किळसवाण्या खुळासाठी. मी ठरवलं, उद्यापासून दार बंद. अण्णा चालतं व्हा म्हणाले तर चालतं होऊ.

पण उद्या पुतळा येणार होती. वडील स्वतः सोडायला येणार होते, खोली बघायला. त्यांच्यासमोर शेजाऱ्यांशी भांडण काढलं असतं तर ते तिला त्याच पावली परत घेऊन गेले असते. मी दार उघडं ठेवलं. वडिलांनी खोली बघितली, मोरी बघितली. "लई साफ ठिवली रे," म्हणाले, आणि समाधानानं गेले.

४

पुतळाला मी काही सांगितलं नाही. शेजारी खरकटं टाकतात एवढंच. तिला त्याचं काही वाटलं नाही. आमच्याकडं वाड्यावर, म्हणजे मेंढरं बसवतात त्या जागेवर, माणसांच्या आधी कुत्र्याला टाकतात, मग आपण खातो. कॉलेजचा तिला नाद लागला होता. संध्याकाळी ती मला मोठ्यानं नोट्स वाचून दाखवायची आणि चुकले तर सांग म्हणायची. मी मोरीकडं पाठ करून जेवायला शिकलो. घास चावताना मात्र मला आपल्याच तोंडाचा आवाज ऐकू यायचा, आणि मध्येच थांबावं लागायचं.

एका सुट्टीच्या दुपारी, सगळे ताटं उपडी करून गेल्यावर, मी पेपर तपासत होतो. मोरीतून आवाज येत होता. तो रोज यायचा. चुक्, चुक्, चुक्. पाइपातली हवा, असं मी समजत होतो.

पुतळा वही सोडून उठली. मान तिरकी करून ऐकू लागली. तिचा चेहरा असा झाला की मला आमच्या वाड्यावरची थंडी आठवली. मेंढी मेली की तिचं कोकरू दुसरी मेंढी घेत नाही. मग बायका वाटीत दूध घेतात, त्यात बोट बुडवतात आणि ते त्याच्या तोंडात देतात. ते बोटालाच आई समजतं. पुतळानं अशी कितीतरी जगवली होती.

"दादा," ती म्हणाली, "ह्ये तर आई नसल्यावानी करायलंय."

मी उठेपर्यंत ती मोरीच्या कट्ट्यावर बसली होती. कपात उरलेल्या चहात तिनं बोट बुडवलं होतं आणि जाळीच्या भोकातून आत घातलं होतं. आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला, पण आता भरलेला, ओला, घाईचा. पुतळा हसत होती.

मी तिला दंडाला धरून ओढलं. बोट सहज सुटलं नाही. आधी ताणलं गेलं, मग बूच उघडावं तसा आवाज झाला.

बोट मुळापर्यंत पांढरं पडलं होतं, दिवसभर धुणं धुतल्यासारखं सुरकुतलेलं. तिनं ते ओढणीला पुसलं. पुसल्यावर ओढणीला तार आली.

"दात नाईत रे," ती म्हणाली. "नुस्त्या हिरड्या. गुदगुल्या व्हतात."

दारात दगडाबाई उभी होती. विसरलेली वाटी न्यायला आली असावी. तिनं पुतळाच्या बोटाकडं बघितलं आणि जिथं होती तिथंच खाली बसली. पुढचं ती पुतळाशी बोलली नाही, माझ्याशी बोलली. आवाज अगदी साधा होता.

"मास्तर, आमी ताटं दिले. हात कुनी दिला नवता."

५

दुसऱ्या दिवशी ते आले, ताटं उपडी केली, आणि सगळं तसंच जाळीवर राहिलं. लाळेचे गोळे, एकावर एक, संध्याकाळपर्यंत. त्यावर माशा आल्या. त्या घरात मी पहिल्यांदा माशा बघितल्या. पुतळा घरी आल्यावर तिनं मुकाट्यानं ते बाजूला केलं आणि स्वतःच्या ताटातला घास चावायला घेतला.

नंतर कुणी आलंच नाही. आपा गॅलरीतून मला सलाम करायच्या आणि नजर फिरवायच्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला ओळखू यायला वेळ लागला. सुटका होती ती.

पुतळा वाळत गेली. जे खायची ते अर्धं चावून काढून ठेवायची. आधी पाठ करून, मग माझ्यासमोर. मी ओरडलो, समजावलं, विज्ञान सांगितलं. ती ऐकून घ्यायची. "तुला कळत नाय दादा, ते लहान हाय," एवढंच म्हणायची. वर्ग बुडवू लागली. दुपारी मी शिकवणीतून येई तेव्हा ती मोरीच्या कट्ट्याला टेकून बसलेली असे, हात आत, डोळे मिटलेले, आणि खोलीभर तो आवाज. तिची पाचही बोटं आता पांढरी होती. नखं मऊ पडली होती, भिजलेल्या कागदासारखी. तिनं वाढलेलं मला खाववेना. माझ्याच बहिणीच्या हाताची मला किळस येत होती. आणि मी तो माणूस होतो, जो सभेत कुणाच्याही ताटातलं उष्टं उचलून खाऊन दाखवायचा.

मी पुन्हा खोल्या शोधल्या. हर्सूलपर्यंत पायी फिरलो. पुन्हा तेच भाचे, तेच पाहुणे. गावी कळवावं तर वडील तिला घेऊन जाणार आणि ते स्थळ वाट बघत होतंच. तिचं शिक्षण वाचवायचं तर एकच मार्ग दिसत होता. जे काही त्या पाइपात होतं, उंदीर, घूस, बेडूक, काहीही, ते नाहीसं करायचं.

तिची सहामाही परीक्षा आली. पहिल्या पेपरला मी तिला स्वतः कॉलेजच्या फाटकात सोडलं, आत जाईपर्यंत थांबलो, आणि येताना संडास साफ करायचं तेजाब घेतलं. बाटलीचं बूच काढताच डोळ्यांतून पाणी आलं. आवाज चालू होता. पावलं ऐकून तो घाईचा झाला. मला पुतळा समजून.

मी सगळी बाटली जाळीत ओतली.

फेस वर आला. वास आला तो तेजाबाचा नव्हता. दूध उतू जाऊन चुलीत जळतं, तसा. आतून कुणी ओरडलं नाही. ओरडलं असतं तर बरं झालं असतं. फक्त जाळीच्या खालून काहीतरी वर येऊन टेकलं, भोकाभोकातून थोडं थोडं फुगलं. गुलाबी, ओलं, तान्ह्या मुलाच्या हिरडीसारखं. मग ते पांढरं झालं आणि खाली गेलं.

मी पाणी ओतलं. ते निम्म्यात थांबलं आणि कट्ट्याच्या काठापर्यंत चढलं. मोरी तुंबली होती, जगातल्या कुठल्याही मोरीसारखी. मला हसू आलं.

६

पुतळा परीक्षेच्या अर्ध्यातून परत आली. रिक्षावाल्यानं तिला दंडाला धरून आत आणलं. ती बोलत नव्हती. तोंड घट्ट मिटलेलं, हनुवटीवरून लाळ गळत होती. मी दोन्ही हातांनी तिचा जबडा उघडला. आत सगळं पांढरं होतं. जीभ, टाळू, गालांच्या आतल्या बाजू, सगळीकडची साल सुटून लोंबत होती. आणि दुधाचा तो जळका वास.

गल्लीतल्या डॉक्टरांनी तिला काय प्यायलीस म्हणून विचारलं. तिनं मान हलवली. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि बराच वेळ बघितलं. मी त्यांना काय सांगणार होतो? ती वर्गात बसली होती, पन्नास पोरी साक्षीला होत्या, तिनं पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

जखमा भरल्या. डॉक्टर चकित झाले इतक्या लवकर. पण ती खाईना. दूध दिलं, पेज दिली, केळं कुस्करून दिलं. ओठाला लावायची आणि तोंड फिरवायची. हाडं दिसू लागली. वडिलांचा निरोप आला, आठवडी बाजाराच्या दिवशी येतो, पोरीला बघतो म्हणून. ते या अवस्थेत तिला बघणार, घेऊन जाणार, आणि नंतर ती जगली तर त्या घरात उजवणार.

तिला काय लागतं ते मला ठाऊक होतं. खूप दिवसांपासून ठाऊक होतं, फक्त मनात त्याचं नाव घेत नव्हतो.

मी भाकरीचा तुकडा तोंडात घातला. चावला. लाळ सुटू दिली. त्याचा गोळा झाला तेव्हा तो बोटांवर काढला आणि तो बघून मी तुंबलेल्या मोरीत ओकलो. पुन्हा घास घेतला. पुन्हा ओकलो. तिसऱ्यांदा गोळा तिच्यासमोर ठेवला, तेव्हा पुतळानं डोळे उघडले. नाक हललं. पण माझा एकट्याचा घास तिला पुरणार नव्हता.

मी उठून शेजारी गेलो. कनीज आपा जेवत होत्या. त्यांनी माझा चेहरा बघितला. काही विचारलं नाही, तोंडातला घास गिळला नाही. हळूच ताटाच्या कडेला काढला.

७

आता पुतळा रोज कॉलेजला जाते. अंग धरलं आहे. वडील आले तेव्हा तिच्याकडं बघून म्हणाले, शहराचं पाणी मानवलं. स्थळाचा विषय त्यांनी काढला नाही. पुढच्या वर्षी तिला शिक्षक व्हायचा कोर्स करायचा आहे, आणि ती करणार. मला जे हवं होतं ते झालं आहे.

दुपारी सगळे येतात. आता मोरीपर्यंत जात नाहीत. पुतळा भिंतीकडं तोंड करून बसते, ते तिच्यापुढं ताटं ठेवतात आणि लगबगीनं बाहेर पडतात. मीही बाहेर पडतो. आम्ही सगळे बोळात उभे राहतो. फकिरा विडी ओढतो, आपा तसबीहचे मणी फिरवतात, दगडाबाई उन्हाकडं बघत बसते. मंडळात जाणं मी बंद केलं आहे.

परवा शिकवणीला उशीर होत होता. पोरांचे पेपर आत राहिले होते. पेपर उचलून निघेन, तिच्याकडं बघणार नाही, असं ठरवून मी लोटलेलं दार ढकललं.

ती नेहमीसारखी पाठमोरी होती. तो आवाज चालू होता. ताट फरशीवर घासत होतं, थोडं पुढं, थोडं मागं, लहान पोर चाटूनपुसून खाताना होतं तसं. ओढणी तिच्या मांडीपासून ताटापर्यंत काहीतरी झाकत होती आणि हलत होती.

पुतळाची मान सरळ होती. वेणी पाठीवर ताठ. तिचे दोन्ही हात बाजूला फरशीवर टेकलेले मला दिसत होते, रिकामे.

ती वळली नाही. तिचा आवाज स्वच्छ होता, तोंडात काही नसताना असतो तसा. आणि ती बोलत असतानाही तो दुसरा आवाज थांबला नाही.

"दादा, दार लाव की," ती म्हणाली. "ते लाजतंय."

मी दार लावून घेतलं.